लास त्रांपासच्या चर्चची किल्ली सांभाळणाऱ्या तियांना

प्रिय तिया,

तुमच्या गावातली पोरं ज्या हक्काने तुम्हाला तिया, म्हणजे स्पॅनिशमध्ये मावशी, म्हणतात, त्याच हक्काने मीही म्हणतो. पत्र मराठीत लिहितोय, कारण तुमचे उपकार मला माझ्या माणसांसमोर मांडायचे आहेत. पुढच्या खेपेला आलो की ओळीन् ओळ तुम्हाला समजावून सांगेन.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत सांता फेहून ताओसला जायला दोन रस्ते आहेत. एक नदीकाठाने जाणारा, सोपा. दुसरा सांग्रे दे क्रिस्तोच्या डोंगरांतून चढत जाणारा. या दुसऱ्या रस्त्यावर, सात हजार फुटांहून उंच, तुमचं लास त्रांपास. मोजकी घरं, एक चौक आणि चौकाच्या तोंडाशी दोन बुटक्या मनोऱ्यांचं मातीचं चर्च, सान होसे दे ग्रासिया. बहुतेक गाड्या थांबतात, दाराला कुलूप दिसतं, माणसं फोटो काढतात आणि पुढे जातात. आम्हीही गेलोच असतो. पण आई भिंतीजवळ जाऊन हाताने माती चाचपत उभी राहिली आणि ते तुम्ही समोरच्या घरातून पाहिलंत. चर्चची देखभाल गावातल्या कुणाकडे तरी सोपवलेली असते, त्यांना मायोर्दोमो म्हणतात, हे मला तुम्ही किल्ली घेऊन आलात तेव्हा कळलं.

त्या दुपारी तुम्ही जे सांगितलंत ते मी नंतर पुष्कळ वाचून पडताळलं, आणि दर वेळी तुमचीच आठवण झाली. 1751 साली इथले स्पॅनिश गव्हर्नर तोमास व्हेलेस काचुपीन यांनी इथली जमीन सांता फेच्या बारा कुटुंबांना दिली. ती काही मेहेरबानी नव्हती. कोमांचे आणि अपाचे या मूळनिवासी टोळ्यांच्या धाडी सांता फेच्या परिसरापर्यंत येत होत्या, त्यांच्या वाटेत माणसं वसवायची होती. गरीब, संमिश्र वंशाची, राजधानीत ज्यांना कुणी विचारत नव्हतं अशी माणसं डोंगरात पाठवली गेली. प्रार्थनेला जायचं तर पिकुरीस या मूळनिवासींच्या गावापर्यंतची वाट, आणि त्या वाटेवर कधी धाड पडेल याचा नेम नाही. 1760 मध्ये मेक्सिकोतल्या दुरांगोचे बिशप तामारोन या भागात आले, तेव्हा त्यांनी गावाला स्वतःचं चर्च बांधायची परवानगी दिली.

परवानगी मिळाली, पैसा कुठून येणार? इथे तुम्ही हुआन दे आर्ग्वेयो यांचं नाव घेतलंत, आणि ते अशा आवाजात, की जणू घरातल्याच एखाद्या थोरल्या आजोबांबद्दल बोलताय. वसाहतीचे हे म्होरके. चर्चसाठी गावाने सगळ्या मुलखात फिरून देणग्या मागितल्या, आणि त्यात हे सर्वांत पुढे. 1776 साली फादर दोमिंगेस तपासणीला आले तेव्हा चर्च जवळजवळ पुरं झालं होतं. आर्ग्वेयोंनी ऐंशी ओलांडली होती. तरी तपासणीला आलेल्या पाद्र्यापुढेही त्यांनी हात पसरला! दोमिंगेस यांनी हे आपल्या अहवालात लिहून ठेवलं आहे. गावकऱ्यांबद्दल त्यांनी फार बरं लिहिलेलं नाही, फाटकी माणसं म्हटलं आहे. पण ती जितकी गरीब तितकीच आनंदी आहेत, हेही नोंदवलं आहे. मला तो ऐंशी वर्षांचा म्हातारा विसरता येत नाही. तो स्वतःसाठी काहीही मागत नव्हता.

आत गेल्यावर तुम्ही आम्हाला दारापासून थेट वेदीकडे बघायला लावलंत. आतला सगळा भाग अंधारा आणि वेदी मात्र उजळलेली. उजेड कुठून येतो ते कळेना. मग तुम्ही आम्हाला पुढे नेऊन मागे वळून वर बघायला सांगितलंत. वेदीवरचं छप्पर बाकीच्या छपराहून थोडं उंच आहे, आणि त्या उंचीच्या फरकात एक आडवी खिडकी दडलेली आहे. ज्यांच्याकडे काच नव्हती, धड अवजारं नव्हती, त्यांनी केलेली ही योजना! वेदीमागचे रंगीत पट होसे दे ग्रासिया गोन्सालेस या चित्रकाराने 1860च्या दशकात जुन्या चित्रांवर नव्याने रंगवले, हेही तिथेच कळलं. ग्रासिया आणि रेफुहियो या दोन घंटांची गोष्ट सांगताना रेफुहियो चोरीला गेल्याचं तुम्ही असं सांगितलंत, की ती मागच्याच आठवड्यात गेली असावी.

गावाच्या सामाईक जमिनीचं तुम्ही थोडक्यात आवरलंत. 1848 नंतर मुलूख अमेरिकेचा झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि ज्या डोंगरावर गावाची गुरं चरत आणि जळण मिळे तो आज बराचसा कार्सन नॅशनल फॉरेस्ट या सरकारी जंगलात आहे. एवढं बोलून तुम्ही विषय बदललात. मीही इथे वाढवत नाही. 1960च्या दशकात रस्ता रुंद करायची टूम निघाली, ती थेट चर्चच्या दारापर्यंत येणार होती. तेव्हा वास्तुरचनाकार नॅथॅनियल ओविंग्ज आणि आणखी काही लोक गावाच्या बाजूने उभे राहिले, 1967 साली गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि चर्चचं आवार वाचलं.

पण हे पत्र मुख्यतः मातीबद्दल आहे.

बाबा गेल्यावर आईला मी अल्बुकर्कीला घेऊन आलो. जावळीच्या खोऱ्यात मातीच्या घरात जन्म काढलेली बाई. इथे तिला करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. स्वयंपाकसुद्धा चार भांड्यांचा. बोलणं कमी कमी होत गेलं होतं. त्या दिवशी तुम्ही सांगितलंत की पाऊस, बर्फ आणि रात्रीचं गोठणं यांनी भिंतीचा लेप झिजतो, तो दर काही वर्षांनी गावाने मिळून नव्याने द्यावा लागतो, आणि लिंपणाचं काम या भागात परंपरेने बायकांचं. मी हे आईला सांगितलं आणि तिने लगेच विचारलं, "मातीत काय घालतात?" तुम्ही म्हणालात, गव्हाचं काड, बारीक करून. आई म्हणाली, "आमच्यात पण."

मग तुम्ही तिला लिंपणाला या म्हणालात. तोंडदेखलं बोलावणं नव्हतं ते. आठवणीने फोन केलात.

ते दिवस मी डोळ्यांनी पाहिले म्हणून लिहितो. माती चाळणीने चाळून घेतलेली, वाळू, काड, पाणी, आणि ढकलगाडीत फावड्याने कालवलेला चिखल. आईने मूठभर उचलला, दाबला, बोटांच्या फटींतून बघितला आणि मान हलवली. काड कमी पडलं होतं. तुम्ही तिच्याकडे बघितलंत, स्वतः मूठ भरून बघितलीत आणि मुलांना आणखी काड टाकायला सांगितलंत. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि मला मधे बोलवायची गरज दोघींनाही वाटली नाही. तळव्याने चिखल दाबून बसवायचा, मग वरच्या बाजूला ओढत न्यायचा. आईचे हात ते आपोआप करत होते.

सिमेंट का नको, हेही मला तिथेच उमगलं. ताओसजवळच्या रांचोस दे ताओसच्या चर्चला 1967 साली कायमची कटकट मिटावी म्हणून सिमेंटचा गिलावा केला. ओल आत कोंडली, मातीच्या विटा विरघळू लागल्या. 1979 मध्ये तो सगळा गिलावा उतरवून लोक पुन्हा मातीकडे वळले. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. बाहेरचा लेप झिजतो तो आतली भिंत वाचवण्यासाठीच.

तिया, तुम्ही किल्ली आणलीत, इतिहास सांगितलात, त्याबद्दल आभार. पण त्याहून मोठे आभार यासाठी, की तुम्ही माझ्या आईला पाहुणी म्हणून बाजूला खुर्चीवर बसवलं नाहीत. कामाला लावलंत. अडीचशे वर्षांच्या भिंतीवर एक हातभर जागा तिच्या ताब्यात दिलीत आणि ती कशी करायची ते तिच्यावर सोडलंत. परतताना गाडीत ती सगळा वेळ बोलत होती. माहेरचं घर, गणपतीआधीचं सारवण, आजीचे हात, यातलं कितीतरी मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

यंदाची तारीख ठरली की कळवा. उत्तरेकडच्या भिंतीला हिवाळ्यात भेगा गेल्या का, हे आईने दोनदा विचारलंय. ती येणारच आहे. फक्त तिला शिडीवर चढू देऊ नका. माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकेल.

तुमचा,
अल्बुकर्कीहून