अक्षय्य तृतीयेच्या रात्रीचं लाल आकाश

ग्योटिंगन, जर्मनी,
२ जून २०२४

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, त्या रात्रीच्या अरोराबद्दल, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाबद्दल, तू फोनवर पुन्हा पुन्हा एकच विचारते आहेस, "फोटोत आहे तस्संच दिसलं का गं?" याचं हो किंवा नाही असं उत्तर नाही. शिवाय तुझ्याकडे कुकरच्या शिट्ट्या, माझ्याकडे चिऊची भुणभुण, त्यात काही नीट सांगून होत नाही. म्हणून सरळ पत्र लिहायला बसले. मध्ये बाबांसाठी थोडं जास्तीचं आहे. ते गाळून वाचलंस तरी चालेल. (गाळू नकोस.)

त्या दिवशी आपली अक्षय्य तृतीया होती, १० मे, शुक्रवार. डब्यातल्या आमरसावर सण साजरा करून आम्ही आवरत होतो. शेजारच्या आजी सहसा जिन्यात नमस्कारापुरतं बोलतात, पण त्यांनी रात्री अकराच्या सुमारास दार वाजवलं. गाउनवरच होत्या. म्हणाल्या, वर चला, आकाश बघा. चिऊला झोपेतून उचललं, तिच्यावर ह्याचं जॅकेट टाकलं आणि हाइनबर्गकडे निघालो. गावाच्या पूर्वेची ती जंगलाची टेकडी, मागे तुम्हाला फोटो पाठवले होते ना, तीच. रस्त्यावर ही गर्दी! कुणी पायजम्यात, कुणी कुत्र्याला घेऊन. एरवी अनोळखी माणसाशी शब्द न बोलणारी ही मंडळी त्या रात्री एकमेकांना हाताने दाखवत होती, "तिकडे बघा, आता तिकडे."

आता तुझा प्रश्न. पहिली काही मिनिटं मला वाटलं, पातळ ढग आलेत. राखाडी, उभे पट्टे. पण त्यांच्या आरपार चांदण्या दिसत होत्या, आणि ढग असे जागच्या जागी उजळून विझत नाहीत. ह्याने फोन तीन सेकंद धरून फोटो काढला, तर पडद्यावर गुलाबी-जांभळं रान पेटलेलं! तेव्हा माझी थोडी चिडचिडच झाली, खरं सांगते. वाटलं, कॅमेऱ्याने रंगवलेलं लोक एकमेकांना पाठवतात आणि डोळ्यांना मात्र राखाडी पट्टे. पण तसंही नाही. अंधारात आपल्या डोळ्यांच्या ज्या पेशी काम करतात, त्यांना रंग कळत नाही, आणि लाल उजेड तर त्यांना जवळपास दिसतच नाही. रंग दिसायला उजेड पुरेसा लागतो. त्या रात्री मध्येच तो पुरेसा झाला. साडेअकरा-बाराच्या दरम्यान डोक्यावरचं आकाश चक्क लाल झालं, साध्या डोळ्यांनी. फोटोइतकं गडद नाही. कुंकू पाण्यात विरघळल्यावर पाणी होतं तेवढं. उत्तरेला खाली थोडी हिरवट झाक होती. तृतीयेची कोर होती, पण तिचा उजेड तो काय! तर आई, रंग फोटोत जास्त आहे, पण हलणं फोटोत अजिबात नाही, आणि मला विचारशील तर खरी मजा त्या हलण्यात होती.

बाबा, आता तुमच्यासाठी. ते लाल किरण वर जाता जाता एका जागी मिळत होते. अगदी डोक्यावर नव्हे, तिथून दक्षिणेला थोडं खाली. सगळे जण मान मागे टाकून त्या जागेकडे बघत होते. मी बघत होते आणि मला एकदम अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेतलं तुमचं डिप सर्कल आठवलं, सुईचा झुकाव मोजायचं ते यंत्र. लहानपणी तुम्ही मला समजावलं होतं, की होकायंत्राची सुई नुसती उत्तर दाखवत नाही, तिला उभी टांगली तर ती जमिनीकडे झुकतेही. आपल्या अलिबागला जेमतेम पंचवीसेक अंश, आणि उत्तरेकडे जावं तशी जास्त. इथे ती जवळपास ६७ अंश झुकते. म्हणजे सुईचं वरचं टोक खस्वस्तिकापासून, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूपासून, २३ अंश दक्षिणेकडे रोखलेलं असणार. किरण मिळत होते ती जागा तीच! हा उजेड पेटवणारे कण पृथ्वीच्या चुंबकीय रेषा धरूनच खाली उतरतात, त्यामुळे किरण त्या रेषांना समांतर असतात, आणि लांबवर समांतर गेलेले रूळ जसे एका बिंदूत मिळाल्यासारखे वाटतात तसे तेही. तुम्ही निवृत्त होईपर्यंत जी दिशा काट्यावर वाचलीत, ती त्या रात्री आकाशात काढलेली होती. मी हे ह्याला सांगायला गेले, तर तो म्हणाला, "आत्ता बघ ना, गणित उद्या." पण माझं बघणं त्यामुळेच दुप्पट झालं.

वेळही तुमच्या कामाची सांगते. सूर्याकडून आलेल्या चुंबकीय वादळाचा पहिला धक्का पृथ्वीला बसला तो १७ वाजून ५ मिनिटांनी, जागतिक वेळेनुसार. इथे संध्याकाळचे सात, लख्ख ऊन. तुमच्याकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते, म्हणजे तुम्ही बातम्या बंद करून आडवे झाला असणार. त्याच मिनिटाला घराजवळच्या तुमच्या वेधशाळेत चुंबकीय नोंदीची रेघ उडी मारून नंतर खाली घसरत गेली असणार. तिथे जुनी माणसं कुणी असतील तर त्या रात्रीचा आलेख मागून घ्या. मला तो हवाच आहे, चौकट करून इथल्या फोटोशेजारी लावायचाय.

आकडे तुम्ही विचारालच. जगभरच्या नोंदींवरून काढतात तो वादळाचा निर्देशांक (जितका खाली, तितकं वादळ मोठं) उणे चारशेच्या खाली गेला. मार्च १९८९ मध्ये तो उणे ५८९ होता. तेव्हाची तुमची गोष्ट मला पाठ आहे, त्या रात्री रेघ किती खाली उतरली ते तुम्ही हात पसरून दाखवायचात, आणि मग कॅनडात क्वेबेकमधले साठ लाख लोक नऊ तास अंधारात बसले ते सांगायचात. या वेळी असं काही झालं नाही. इथे दिवे गेले नाहीत, आई, फ्रिज चालू होता. अमेरिकेच्या हवामानखात्याने ९ मेलाच पाचातल्या चौथ्या पायरीचा इशारा देऊन ठेवला होता, २००५ नंतरचा त्या पातळीचा पहिला. प्रत्यक्षात वादळ त्यापुढे, सगळ्यात वरच्या पायरीवर गेलं, जिथे ते २००३ च्या ऑक्टोबरनंतर गेलंच नव्हतं. हे वादळ ज्यातून आलं, तो सूर्यावरच्या डागांचा समूह पृथ्वीच्या व्यासाच्या साधारण पंधरापट रुंद होता. ग्रहणाच्या चष्म्यातून साध्या डोळ्यांनी दिसत होता.

आणि तुमचा तो १८५९ चा आकडा! तो मी इथल्या लोकांना नेहमी ऐकवते. सप्टेंबर १८५९ चं ते प्रसिद्ध वादळ किती मोठं होतं याची जगातली सगळ्यात बोलकी नोंद आपल्या मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेची आहे, चुंबकीय क्षेत्रात १६०० नॅनोटेस्लांची घसरण. यंत्रापाशी बसून, डोळ्यांनी वाचून, हाताने लिहिलेली. मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी नोंदी बिघडणार, म्हणून तिथले संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी चुंबकमापनाची यंत्रं १९०४ साली अलिबागला बसवली. ट्राम गेल्या, यंत्रं राहिली. त्या ट्राम आल्या नसत्या तर बाबा, तुम्ही कुठे नोकरी केली असती कोण जाणे. इथे ग्योटिंगनमध्ये गणितज्ञ गाउसने वेधशाळेच्या बागेत १८३३ साली चुंबकमापनासाठी एक घर बांधलं, त्यात सुई ढळू नये म्हणून लोखंड मुळीच वापरलं नाही. पुढे जगभरच्या वेधशाळा ठरलेल्या दिवशी ग्योटिंगनच्या घड्याळाप्रमाणे एकाच वेळी नोंदी घ्यायच्या. ते ऐकल्यावर मला तुम्ही आठवलात, दारातच किल्ल्या आणि घड्याळ काढून आत जाणारे. आई तुम्हाला हसायची, "ह्यांचं देऊळ." मी या गावात नोकरी धरली ती याच्यासाठी नव्हे, पण तुम्ही याल तेव्हा गाव तुम्हाला परकं वाटणार नाही, हे नक्की.

चिऊने विचारलं, लालच का? हिरवा का नाही? आपल्या इथून लालच जास्त दिसतो, कारण लाल उजेड दोनशे किलोमीटरच्या वर असतो आणि हिरवा शंभर-दीडशेवर. अरोरा उत्तरेला असला की खालचा हिरवा क्षितिजाआड जातो, वरचा लाल लांबूनही दिसतो. दोन्ही ऑक्सिजनचेच. लाल उजेड द्यायला त्या अणूला जवळपास दोन मिनिटं लागतात, खाली दाट हवेत दुसरा अणू त्याआधीच त्याला धडकतो, म्हणून लाल फक्त वर. तिला हे "धक्का लागला की चिडून रंग देत नाही" असं सांगितलं. पटलं तिला. लडाखमध्ये हानलेच्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी त्या रात्री क्षितिजावर टिपलं तेही लालच. आणि बाबा, ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री अरोरा खुद्द मुंबईतून दिसल्याची नोंद आहे. म्हणजे आपल्या मांडव्याच्या किनाऱ्यावरून कुणा कोळ्यानेही पाहिला असेल. त्याने काय समजून हात जोडले असतील?

आता मुद्द्याचं. दादाने तुम्हाला नॉर्वेच्या सहलीचं पत्रक पाठवलंय, डिसेंबरातलं. त्याच्या मनात चांगलंच आहे, पण माझं ऐकाल तर जाऊ नका. ट्रॉम्सोला अरोरा साध्या रात्रीही दिसतो हे खरं. पण ढग आले तर पैसे परत देत नाहीत, आणि बर्फात रात्री दोन-दोन तास उभं राहणं आईच्या गुडघ्यांना झेपणारं नाही. तिकडे बहुतेक हिरवाच असतो, सुंदर असतो, पण त्यासाठी एवढी दगदग नको.

त्यापेक्षा गणपती झाले की इकडे या. संपातदिनाच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखी असते त्या दिवसाच्या आसपास, सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि मार्चमध्ये, चुंबकीय वादळं वर्षातल्या इतर दिवसांपेक्षा जास्त होतात, हे बाबांना मी काय सांगावं. शिवाय सूर्याचं अकरा वर्षांचं चक्र सध्या वरच्या टोकाशी आहे. दिसेलच असं मी म्हणत नाही. या अक्षांशावर त्याची खात्री कुणी देऊ नये, दिली तर समजावं काहीतरी विकायचंय. दहा मेसारखी रात्र मागून मिळत नाही. मोठं वादळ येणार हे एक-दोन दिवस आधी कळतं, पण नक्की केव्हा आणि किती, ते पंधरा लाख किलोमीटरवरच्या यानांवरून वादळ गेल्यावरच. आपलं आदित्य यान जानेवारीपासून तिथेच आहे. मग हातात तासाभराहून कमी वेळ उरतो. म्हणून निवांत राहायला या, दोन-अडीच महिने. सूचना आली तर गाडीत घालून ड्रान्सफेल्डच्या डोंगरावर नेईन. गाउसने जमीन मोजताना तिथून लांबच्या शिखरांवर नेम धरला होता. गाडी वरपर्यंत जाते, बसायला बाकं आहेत. नाही आली सूचना, तर चिऊला रोज संध्याकाळी आजी-आजोबा मिळतील, आणि मला सकाळी कुणीतरी आयता चहा देईल.

बाबा, तुमच्या पासपोर्टची मुदत आधी बघा, परतल्यावर किमान तीन महिने शिल्लक लागते. व्हिसाच्या तारखा लवकर भरतात, जूनमध्येच अर्ज करूया, कागद मी मेलवर पाठवते. रक्तदाबाच्या गोळ्या तीन महिन्यांच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत ठेवा. आई, पांढऱ्या कांद्याची माळ मात्र बॅगेत कोंबू नकोस. विमानतळावर काढून घेतात, आणि तू तिथे त्यांच्याशी भांडशील. मेतकूट आण, भरपूर.

तुमची,
मनू