साहेब, पोवाडा हवा आणि कडवं नको?

मा. पालकमंत्री महोदय यांस,
सविनय नमस्कार.

पत्रास कारण की, ज्येष्ठ कलावंत मानधनाचा माझा अर्ज जिल्ह्याच्या कचेरीतून परवा परत आला. शेरा एका ओळीचा आहे : ‘कला सादर केल्याचे सबळ पुरावे जोडलेले नाहीत.’ खाली सही, आणि तीही वाचता येत नाही.

आपल्या आठवणीत नसेल, म्हणून सांगतो. गेल्या १ मेला ध्वजवंदनानंतरच्या कार्यक्रमात मी आपल्यासमोरच गायलो. आपण शाल घातलीत, नारळ दिलात आणि माइकवरून म्हणालात, “शाहीर, तुमचं मानधन पुढच्या महिन्यापासून सुरू. हा माझा शब्द.” मैदानभर टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोही आला. त्यात आपण आहात, शाल आहे, नारळ आहे, दोन नगरसेवक आहेत आणि माझा कोपरापर्यंतचा उजवा हात आहे. ते कात्रण मी अर्जाला जोडलं होतं. टेबलावरचे साहेब म्हणाले, “आजोबा, यात तुमचा चेहरा कुठाय?”

आता चेहरा मी कुठून आणू?

विषय निघालाच आहे तर त्या दिवसाचं सगळंच सांगतो. डफाचं कातडं सकाळच्या गारव्यात ढिलं पडतं. ते शेकावं लागतं, त्याशिवाय थाप उठत नाही. स्टेजच्या मागं आम्ही मूठभर पाचट पेटवलं, तर बंदोबस्तावरच्या पोरानं बुटानं विझवलं. मंत्री येणारेत म्हणे. ढिला डफ घेऊन उभा राहिलो. त्याच्या आधी संयोजकांनी बाजूला घेतलं : पोवाडा पाच मिनिटांत बसवा, आणि ते शेतकऱ्याच्या कर्जाचं कडवं तेवढं गाळा, साहेबांना घाई आहे. मी गाळलं. पोटाची सोय लागते आहे म्हणून गाळलं. बिदागी अजून मिळालेली नाही, ती गोष्ट वेगळी.

आपल्या भाषणात मात्र शाहिरांचा फार गौरव झाला. अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर ही तिन्ही नावं आपण एका दमात घेतलीत. कागद लिहून देणाऱ्याला माझा नमस्कार. पण साहेब, ती माणसं काय करत होती, हे त्या कागदात नव्हतं. १९४४ साली त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं ते सरकारी वर्धापनदिनाला गाण्यासाठी नव्हे. गिरणगावातल्या चाळीत, मैदानात, संपाच्या सभेत ती गायची. तेव्हाच्या मुंबई सरकारनं त्यांच्या कार्यक्रमांवर बंदी घातली, कारण त्यांचं प्रत्येक कडवं कुणाला ना कुणाला झोंबत होतं. कुणी घाई आहे म्हटलं म्हणून त्यांनी एखादं गाळलं असतं, तर आपण आज त्यांचं नाव घेतलं नसतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचं तेच. एस. एम. जोशी, डांगे, आचार्य अत्रे, प्रबोधनकार. एकमेकांशी न पटणारी ही माणसं १९५६च्या फेब्रुवारीत समितीच्या झेंड्याखाली एकत्र आली. नेते मोठे होतेच, वाद नाही. पण सभा रात्री नऊची आणि नेता यायचा साडेअकराला. तोवर वीस-वीस हजारांचा जमाव जागेवर धरून कोण ठेवायचं? आमचे वडील त्या धरून ठेवणाऱ्यांतले. ३० नोव्हेंबर १९५७ला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण करायला आले, तेव्हा पसरणीच्या घाटात काळी निशाणं घेऊन जी गर्दी उभी होती तिच्यात वडील होते, डफासकट. त्याच पसरणीचे शाहीर साबळे. त्यांच्या आवाजातलं ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ तुम्ही २०२३ साली राज्यगीत केलंत. चांगलं केलंत. दोन कडवी ठेवून पावणेदोन मिनिटांच्या आत बसवलंत. कात्रीचा हात तुमच्या खात्याचा जुनाच दिसतो.

आणि राज्य आल्यावर? मंगलकलश यशवंतरावांच्या हातून आला. आधी ज्यांनी महाराष्ट्रापेक्षा नेहरू मोठे म्हटलं होतं, त्यांच्याच हातून. १ मे १९६०ला लढणारे मैदानात राहिले आणि खुर्चीत दुसरेच बसले. यशवंतरावांना मी दोष देत नाही. तो माणूस पुस्तकं वाचायचा, लेखकाला समोर बसवून ऐकायचा, राज्य आल्याबरोबर त्यांनी साहित्य संस्कृती मंडळ काढलं. त्यांच्यानंतरच्यांबद्दल एवढंही म्हणवत नाही. मग पक्ष कुठलाही घ्या. हातातली निशाणी बदलते, शाल तीच.

अण्णाभाऊ आणि अमर शेख दोघंही १९६९ सालीच गेले, दीड महिन्याच्या अंतरानं. अण्णाभाऊ चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून लिहीत होते. ‘फकिरा’ला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, घर मिळालं ते फार उशिरा, आणि त्यात राहायला माणूस फार दिवस उरला नाही. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. मॉस्कोत! वाटेगावचं शाळेत न टिकलेलं पोर मॉस्कोत उभं आहे, याचा मला अभिमान आहे. फक्त ‘माझी मैना गावावर राहिली’ या त्यांच्या छकडीतली, म्हणजे शाहिरी गाण्यातली, मैना अजून गावावरच आहे. महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या बेळगाव-कारवारचं दुःख त्यांनी तिच्यात घातलं होतं. या सीमावादावर १९६६ला महाजन आयोग नेमला, २००४ला आपण सुप्रीम कोर्टात गेलो. कोर्टाच्या तारखा पडतायत, निवडणुका येतायत, आणि निवडणुकीच्या सभेला कुणाला तरी ती छकड आठवतेच.

मूळ मुद्दा पुराव्याचा होता, भरकटलो. पण पुरावा म्हणजे काय, हे मला खरंच कळेना झालंय. लढ्यातले हुतात्मे कुणी १०५ सांगतं, कुणी १०६, कुणी १०७. जीव दिलेल्या माणसांचा आकडा या राज्याला अजून एका तोंडानं सांगता येत नाही. आणि माझ्याकडे मात्र जत्रेतल्या कार्यक्रमाचं सही-शिक्क्याचं पत्र मागतात! जत्रेत कोण पत्र देतं हो? यात्रा कमिटी एक नारळ देते, गाडीभाडं देते, जेवायला घालते. गावातली ज्यांनी ऐकलं ती माणसं गेली. हँडबिलं होती, ती वाळवीनं खाल्ली. वडिलांच्या हातची दोन बाडं आहेत, पोवाडे, छकडी, एक अर्धवट वग. ती मी टेबलावर नेऊन ठेवली. साहेबांनी पहिलं पान उघडलं, म्हणाले, “हे हस्तलिखित चालत नाही, छापील आणा.”

माझा आवाज आता बसलाय. मागं सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांपैकी एक वॉचमन आहे, एक गेला, एकाचा मुलगा लग्नात डीजे वाजवतो आणि खरं सांगायचं तर तो बापापेक्षा बरा कमावतो. बायकोच्या गोळ्यांना महिन्याला दोन हजार लागतात. मानधन आहे पाच हजारांचं. जिल्ह्यात माझ्यासारखे दोन-अडीचशे तरी असतील. मोजलेलं कुणी नाही, खोटं वाटत असेल तर तुम्ही मोजून काढा. एका सत्काराच्या मंडपाला, फ्लेक्सला, बुके-शालींना जेवढा खर्च होतो, तेवढ्यात यांतल्या कितीजणांचं वर्ष निघेल, हा हिशेब तुमच्या पीएला पाच मिनिटांत जमेल.

मागणं फार नाही. गावातल्या चार जाणत्या माणसांचं लेखी म्हणणं पुरावा म्हणून धरा. बाडं छापील नाहीत म्हणून परत करण्याऐवजी कुणाकडून तरी उतरवून घ्या. माझी एकट्याची नव्हे, जिथं जिथं माळ्यावर पडलीत तिथली. माझ्या अर्जावर हो की नाही ते लिहा, पण नाही लिहिलंत तर खाली तुमची सही असू द्या, वाचता येईल अशी.

आणि येत्या १ मेसाठी संयोजकांचा निरोप आत्ताच आला आहे. पुन्हा पाच मिनिटं. मी हो म्हटलं आहे. बिदागी आधी घेणार आहे, मागच्या वर्षीचीही. कर्जाचं कडवं सुरुवातीलाच म्हणणार आहे.

आपला,
एक शाहीर
(नाव, पत्ता आणि उजवा हात आपल्या कचेरीच्या फायलीत आहे.)