आजोबांचं सोन्याचं घड्याळ

नागपूर

चि. अनघा,
अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगता आलं नाही, तुझी आई बाजूलाच बसली होती. आजोबांचं सोन्याचं घड्याळ सोन्याचं नाही.

परवा इतवारीत सराफाकडे नेलं. मोडून तुझ्या काकाचा वाटा एकदाचा देऊन टाकू, असं मनात होतं. त्याने नखाने मागचं झाकण उघडलं, भिंग लावलं आणि हसला. "साहेब, हा तर चंद्र आहे." आत खरंच चंद्राचा छाप, खाली इंग्रजीत हमी: सोन्याचे दोन पत्रे, मध्ये साधा धातू, 20 वर्षं टिकेल. डबी बनवणाऱ्या या कंपनीचा तारा छाप 10 वर्षांच्या हमीचा, सूर्य 25 चा. आपला मधला! बाजूला दुरुस्तीवाल्यांनी सुईने ओरखडलेले आकडे आहेत. त्यातला एक मराठी ७.

मग रात्री बसून वाचत गेलो. आतलं यंत्र अमेरिकेतल्या वॉल्थमचं. हा कारखाना काढणाऱ्यांपैकी एक आरन डेनिसन, जोडे शिवणाऱ्याचा मुलगा. तेव्हा एका घड्याळाचं चाक दुसऱ्याला बसत नसे, कारागीर कानशीने घासून बसवायचा. याने सरकारी कारखान्यातल्या बंदुका पाहिल्या, कुठलाही भाग कुठल्याही बंदुकीला चालायचा. घड्याळाचं तसंच का नको? 1850 मध्ये सुरुवात केली, 1857 मध्ये दिवाळं निघालं, लिलाव झाला. नव्या मालकांनी त्याला काही वर्षं ठेवलं आणि मग काढून टाकलं.

गडी इंग्लंडला गेला, बर्मिंगहॅममध्ये घड्याळांच्या डब्या बनवू लागला. आणि त्या डब्यांत बसायचं काय, तर वॉल्थमचीच यंत्रं. आपली डबी त्याच्या या बर्मिंगहॅमच्या कारखान्याची. ज्यांनी हाकललं त्यांच्याच यंत्राला याचं झाकण. मला तर हे सोन्यापेक्षा भारी वाटलं, पण मी म्हातारा झालोय, माझं सोड.

चावी दिली तर चालतं अजून. दिवसाला चार मिनिटं मागे पडतं.

काका आणि मी याच्यापायी नऊ वर्षं बोललो नाही, हे तुला माहीत आहेच. रविवारी घड्याळ आणि भिंग घेऊन महाल भागात त्याच्याकडे जातो. आधी मुकाट्याने झाकण उघडून त्याच्या हातात देईन. तू मात्र त्याला फोन करून सांगू नकोस. त्याचं तोंड मला स्वतः पाहायचं आहे.

तुझा,
बाबा