देवळावरचे फ्लड लाईट रात्री बंद ठेवा

संपादक साहेब, नमस्कार.

मी लग्नाचे फोटो काढतो, बेळगाव, खानापूर, तिकडं निपाणीपर्यंत ऑर्डरी असतात, आणि अमावस्येच्या आसपास एखादी रात्र मोकळी मिळाली की ट्रायपॉड घेऊन जुन्या देवळांचे, किल्ल्यांचे ताऱ्यांसकट फोटो काढायला जातो. हे सहा-सात वर्षं चाललंय. पण हल्ली जिथं जावं तिथं देवळासमोर खांब उभा करून पांढरा फ्लड लाईट लावलेला, तो पण रात्रभर चालू, आणि ते बघून खरंच जीव तुटतो म्हणून हे पत्र.

मागच्या एप्रिलमधलं सांगतो. खानापूर तालुक्यातलं एक गाव आहे, नाव लिहीत नाही, गावाबाहेर काळ्या दगडाचं जुनं देऊळ. दोन वर्षांपूर्वी तिथंच उभं राहून मी आकाशगंगेचा फोटो काढला होता, आता गेलो तर शिखर पांढरंफटक आणि वरचं आकाश राखाडी, कारण लाईटचं तोंड निम्मं देवळाकडं आणि निम्मं वर आकाशाकडं. गुरवांना म्हटलं, मामा अर्धा तास बटण बंद करता का. त्यांनी लगेच केलं. पहिली दोन-चार मिनिटं सगळा काळोख, काहीच दिसेना, डोळ्याला सवय व्हायला वीस मिनिटं तरी लागतात, आणि मग एकेक तारा उमटायला लागला. त्यांची आई आतून काठी टेकत आली, कट्ट्यावर बसली आणि नातवाला बोट करून दाखवू लागली, ती बघ म्हातारीची बाज, चार खूर दिसले काय, आणि मागनं येतात ते तीन चोर. पोरगं दहा वर्षांचं असेल. हेच सप्तर्षी त्यानं पुस्तकात बघितले होते, स्वतःच्या अंगणातनं पहिल्यांदाच बघत होता. चोर कुठले, परत दाखव, परत दाखव, असं त्याचं चाललं होतं.

आपल्या भागाचं एक वेगळेपण आहे ते लोकांना माहीत व्हायला पाहिजे. ध्रुव तारा क्षितिजापासून किती वर दिसणार हे त्या जागेच्या अक्षांशावर असतं. बेळगाव साधारण १६ अंशावर, म्हणजे हात लांब करून मूठ धरली तर दीड मूठ वर, बस्स. काश्मीरात तो फार वर असतो. आपल्याकडं देवळाच्या दक्षिणेला उभं राहून उत्तरेकडं कॅमेरा लावला की ध्रुव अगदी शिखराच्या शेजारी येऊन बसतो, आणि तास-दीड तास एकामागून एक फोटो घेऊन कॉम्प्युटरवर जोडले की सगळे तारे त्या शिखराभोवती फेर धरल्यासारखे गोल दिसतात. पण ध्रुव काही फार ठळक तारा नाही, त्यात एवढा खाली, त्यामुळं उजेड वाढला की तो लवकर जातो. राजहंसगडावरून उत्तरेकडं बघा, बेळगाव शहराच्या उजेडात तो धड सापडत नाही.

काही लोक म्हणतात लाईट असला तर फोटो चांगलाच येईल की. नाही येत. ताऱ्यांसाठी २० एमएमच्या लेन्सवर २.८ ॲपर्चर (म्हणजे लेन्सचं तोंड मोठं उघडं), ३२०० आयएसओ (म्हणजे थोडा उजेडही टिपेल असं सेटिंग) आणि साधारण २५ सेकंद शटर उघडं ठेवावं लागतं (५०० ला लेन्सच्या एमएमनं भागायचं, येतील तेवढे सेकंद, त्याच्या पुढं गेलं की पृथ्वी फिरत असल्यामुळं ताऱ्याची रेघ होते). एवढ्या वेळात फ्लड लाईट फोटोतलं सगळं जाळून पांढरं करून टाकतो. देवळाला लागतो तो उजेड अगदी थोडा, मी साध्या बॅटरीवर पिवळा कागद लावतो आणि कॅमेऱ्याजवळनं न मारता बाजूनं तिरका मारतो, मग दगडातलं कोरीवकाम सावलीनं उठून दिसतं. समोरून पांढरा मारला की बाराव्या शतकातलं देऊळ पण सपाट भिंत दिसतंय. नंदगडच्या पुढं हलशीला कदंब राजांच्या काळातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ आहे, आत दोन गाभारे एकमेकांसमोर, ज्यांनी ते बांधलं त्यांच्या डोक्यावर हेच आकाश होतं, मग देवळाचा फोटो त्याच्याशिवाय मला अर्धाच वाटतो.

बायाबापड्यांना रात्री जायचं-यायचं असतं, सापकिरडू असतं, कणकुंबी-जांबोटीकडं तर गवे फिरतात, त्यामुळं उजेड नको असं मी अजिबात म्हणत नाही. वाटेवर दिवा पाहिजेच. पण त्याचं तोंड खाली पाहिजे, वर पत्र्याची टोपी पाहिजे आणि रंग पिवळा पाहिजे, कारण पांढऱ्या एलईडीत निळा उजेड जास्त आणि तोच हवेत जास्त पसरतो. शिखरावरचे फ्लड मात्र दहा वाजता बंद झाले तर कुणाचं काय अडतंय? यात्रा, पालखी, दिवाळीला रात्रभर ठेवा की.

महाराष्ट्रात पेंचचं जंगल २०२४ मध्ये डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेली जागा, झालं, लडाखात हान्लेला त्याच्याआधीच तसं राखीव आकाश जाहीर झालंय, लोक तिथं एवढा खर्च करून तारे बघायला जातात. आपल्या तालुक्यात अजून थोडं शिल्लक आहे. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत ट्रायपॉडला परवानगी लागते ते आम्ही पाळतो, त्याबद्दल तक्रार नाही. माझी विनंती गावोगावच्या देवस्थान कमिट्यांना आणि पंचायतींना आहे. ज्यांना दिव्याला टोपी बसवायची आहे त्यांनी सांगावं, आमच्या गल्लीत पत्र्याचं काम करणारा मित्र आहे, पत्र्याचा खर्च माझा आणि शिडी घेऊन मी स्वतः येतो, फक्त लग्नाची तारीख सोडून कधीपण बोलवा.

आपला,
एक फोटोग्राफर, खानापूर तालुका