आईच्या गोळ्या आणि माझे जिवाणू

पुणे

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही म्हणालात, "लोक विचारतात लेक काय करते. जंतू बघते, एवढं सांगतो. पुढे काय सांगू?" पावसात तुमच्याकडे रेंज कधी जाईल भरवसा नाही, म्हणून लिहूनच कळवते. आई, तुझ्या कामाचं शेवटी आहे, पण मधलं गाळू नकोस.

मी ई. कोलाय या जिवाणूच्या एकाचे दोन कसे होतात ते बघते. हा जेमतेम 2 मायक्रॉन लांब, म्हणजे मिलिमीटरभर जागेत ओळीने 500 मावतील. खायला भरपूर असलं की 20 मिनिटांत एकाचे दोन. तुटायच्या आधी पेशीच्या मध्यावर, आतल्या बाजूने, एका प्रथिनाचं कडं तयार होतं. प्रथिनाचं नाव एफटीएसझेड. हे कडं 1991 मध्ये एर्फेई बी आणि जो लुटकेनहाउस यांनी दाखवून दिलं. ते प्रथिन बिघडलं की पेशी वाढत जाते पण तुटत नाही, नुसता लांबच लांब धागा होतो.

कड्यापेक्षा मला खरी गंमत वाटते ती त्याला मध्य सापडतो कसा याची. तिथे मोजपट्टी घेऊन कोण बसलंय? बाबा, आपली धोपावे-दाभोळ फेरीबोट डोळ्यांपुढे आणा. दिवसभर ये-जा चालते, पण गाड्या चढवायला-उतरवायला ती थांबते धक्क्यांवरच. खाडीच्या मध्यावरून नुसती निघून जाते. दिवसभराची सरासरी काढलीत तर बोट सगळ्यात कमी वेळ असते ती मध्यावर. पेशीत मिनसी आणि मिनडी ही जोडी अशीच या टोकापासून त्या टोकापर्यंत हेलपाटे घालते, एक खेप साधारण मिनिटभरात. मिनई नावाचं तिसरं प्रथिन मिनडीला एका टोकावरून हुसकतं, की जोडी निघाली दुसऱ्या टोकाला. मिनसी जिथे असेल तिथे कडं बसू देत नाही. मग कड्याला मोकळी जागा उरते ती मध्यावरच. मिनडीचं हे जाणं-येणं 1999 मध्ये, त्याला चमकणारं प्रथिन जोडून, सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. मी ते रोज बघते, तरी कंटाळा येत नाही. (दुसरीही एक राखण आहे: डीएनए पसरलेला असेल तिथे एसएलएमए नावाचं प्रथिन कडं होऊ देत नाही. नाहीतर डीएनएच मधोमध कापला जायचा.)

कडं एकदा झालं म्हणजे स्थिर राहिलं असं नाही. त्याचे तुकडे एका टोकाला वाढतात, दुसऱ्या टोकाला झडतात आणि असे पेशीभोवती सरकत राहतात, हे 2017 मध्ये कळलं. पण नुसत्या कड्याने पेशी तुटत नाही. मध्ये नवी भिंत घालावी लागते, आणि त्या कामातलं एक महत्त्वाचं प्रथिन म्हणजे एफटीएसआय.

इथे आई येते. तुला लघवीच्या जंतुसंसर्गावर डॉक्टरांनी दिलेलं सेफॅलेक्सिन ई. कोलायमध्ये मुख्यतः या एफटीएसआयलाच धरतं. बहुतेकांच्या लघवीतल्या संसर्गामागे हाच जिवाणू असतो. गोळी लागू पडली की पेशी तुटायची थांबते, लांबत जाते आणि पुढे फुटून मरते. पण औषध मधेच थांबलं तर न मेलेले धागे परत तुकडे पाडायला लागतात. हे मी काचपट्टीवर बघितलंय, पुस्तकातलं सांगत नाही. जळजळ थांबली म्हणून उरलेल्या गोळ्या देवघराच्या खणात टाकल्यास, असं बाबांनी सांगितलं. त्या काढ, आणि अशा मधेच सोडल्यावर आता काय करायचं ते आधी डॉक्टरांना विचार. मनाने सुरू नाही, मनाने बंद नाही.

बाबा, जाता जाता तुमच्यासाठी. आपल्या पेशींत एफटीएसझेड नसतं, त्याचं लांबचं नातेवाईक ट्युब्युलिन असतं. म्हणून एफटीएसझेडवरच नेम धरणारं औषध शोधायची खटपट चालू आहे. मात्र माडाच्या झावळीतली हरितलवकं अजूनही एफटीएसझेडच्याच कड्याने दुभंगतात, कारण ती मुळात एका जिवाणूपासूनच आलेली. तेव्हा कोणी विचारलं तर सांगा, आमच्या वाडीतही तेच चालतं.

लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट आला की त्याचा सरळ फोटो काढून पाठवा, मागच्यासारखा तिरका नको. कुठलं औषध चालेल त्याची यादी दुसऱ्या पानावर असते, तेही पाठवा.

तुमची लेक