जिनिव्हाहून पत्र: तिचं म्हणणं खरं मानून

जिनिव्हा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र पोचलं. कॉर्नाव्हँ स्टेशनजवळ भीक मागणाऱ्या, युरोपातल्या रोमा जमातीच्या बायांविषयी मी लिहिलं होतं, त्यावर तू कळवलंस, ‘पैसे देऊ नकोस, मागे टोळी असते.’ इथेही सगळे हेच सांगतात, मिस्सा संपल्यावर चर्चच्या दारातसुद्धा.

टोळ्या नसतातच, असं मी म्हणत नाही. पण एका तरुणीची हकिकत ऐक. रोमानियातली रोमा, लिहिता-वाचता न येणारी. इथे भीक मागितली म्हणून तिला पाचशे फ्रँक दंड झाला. तो तिने आणायचा कुठून? भरला नाही म्हणून २०१५ मध्ये तिला पाच दिवस तुरुंगात ठेवलं. प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेलं आणि १९ जानेवारी २०२१ रोजी निकाल तिच्या बाजूने लागला. ती कुठल्या टोळीतली आहे, असं दाखवणारं काहीही पुढे आलं नव्हतं. आपली विपन्नावस्था लोकांना सांगून मदत मागण्याचा हक्क माणसाच्या प्रतिष्ठेतच येतो, असं न्यायालयाने म्हटलं. त्यानंतर इथली सरसकट बंदी गेली, तरी दुकानं, बँका, एटीएम यांच्या आसपास मनाई राहिलीच. आपल्याकडे १९५९ चा मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदा तर पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं डांबायची तरतूद करतो.

मला खरा हादरा बसला तो या रोमा लोकांचा इतिहास वाचताना. यांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी उत्तर हिंदुस्थानातून निघाले. पुढे वलाकिया आणि मोल्दाव्हियात, म्हणजे आजच्या रोमानियाच्या भागात, शतकानुशतकं ते गुलाम होते. राजाचे, सरदारांचे आणि मठांचेही. मठांचे! जिथे सकाळ-संध्याकाळ प्रार्थना चालायची, तिथे माणसं मालमत्ता म्हणून मोजली जात. १८५५-५६ पर्यंत सगळ्यांची सुटका झाली, पण भरपाई मिळाली ती मालकांना. नाझींच्या काळात ऑशविट्झमध्ये २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री यांतले हजारो मारले गेले, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. १९८९ नंतर रोमानियातले सरकारी कारखाने आणि शेतं बंद पडत गेली, तेव्हा आधी काम गेलं ते यांचंच. एवढं झाल्यावर कुणी परक्या शहरात कागदी पेला पुढे धरून बसलं, तर त्याला आळशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

स्टेशनजवळ बसणारी एक बाई मोडकंतोडकं फ्रेंच बोलते. मुलं गावी आजीकडे आहेत, म्हणते. मला हे तपासता येत नाही आणि तपासायचंही नाही. मी सांगतो ते माझा घरमालक खरं मानतो, धर्मगुरू मानतात, तूही मानतोस. पुरावा तेवढा तिच्याकडेच का मागायचा? नाणं हातात पडलं की ती क्रुसाची खूण करते, ऑर्थोडॉक्स लोकांसारखी उजव्या खांद्याकडून डावीकडे.

बायबलमधला, श्रीमंताच्या दारात पडून राहिलेल्या गरीब लाजराचा दाखला आठव. पाताळात पडल्यावर तो श्रीमंत माणूस लाजराला नावाने ओळखतो. म्हणजे दारात पडलेला हा कोण, हे त्याला ठाऊक होतं! लहानपणी हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं, हल्ली ते मनातून जात नाही. म्हणून मी आधी तिचं नाव विचारून घेतलं. पोप फ्रान्सिस यांनी २ जून २०१९ रोजी रोमानियातल्या ब्लाज गावी रोमा लोकांपुढे उभं राहून चर्चच्या वतीने क्षमा मागितली. त्या क्षमेला माझ्याकडून काही जोड द्यायची, तर ती या फुटपाथवरच देता येईल.

कधी वाटतं, नाण्यापेक्षा गरम जेवण बरं. पण गावी मुलांना जेवण पाठवता येत नाही, पैसे येतात. म्हणून मी पैसेच देतो आणि त्यांचं काय करायचं ते तिच्यावर सोडतो.

तू धर्मग्रामातल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतल्या, गरिबांच्या घरी जातोस, माझ्यापेक्षा तुला यातलं जास्त कळतं. एखादं कुटुंब खोटं बोलतंय असं वाटलं, तर तू तिथे पुन्हा जातोस का? आणि गेलास, तर पहिलं वाक्य काय बोलतोस? खुलासेवार लिही. घरी सगळ्यांना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
जिवलग मित्र