कंटेनर आणून ठेवला म्हणजे घर झालं का?

संपादक साहेब, नमस्कार.

कुठे भूकंप झाला, पूर आला, युद्ध पेटलं की लगेच कुणीतरी लिहितं, बंदरात एवढे रिकामे कंटेनर पडून असतात ते द्या ना विस्थापितांना राहायला. कल्पना वाईट नाहीये, पण हे लिहिणारे बहुतेक जण कंटेनरमध्ये एक रात्रसुद्धा झोपले नसणार. मी झोपलोय. साईटच्या कामावर सात महिने, २० फुटी डबा, आम्ही चौघंजण.

उन्हाळ्यात दुपारी आत थांबताच यायचं नाही, पत्र्याला हात लागला की चटका, मग आम्ही सगळे बाहेर डब्याच्या सावलीत बसायचो, म्हणजे घराचा उपयोग सावलीपुरता. थंडीत वेगळीच तऱ्हा. चार माणसांच्या श्वासाची वाफ रात्रभर छताला धरायची आणि पहाटे टप टप अंगावर. पहिल्यांदा वाटलं पाऊस गळतोय, बाहेर येऊन बघतो तर आभाळ कोरडं ठणठणीत! अंथरूण कधी नीट वाळलंच नाही.

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही, कंटेनरचा मूळ दरवाजा बाहेरूनच बंद होतो, त्या उभ्या दांड्या आतून उघडत नाहीत, कारण तो मालासाठी केलाय, माणसासाठी नाही. म्हणजे दरवाजा खिडक्या नव्याने कापायला लागतात. कापणारे बिनधास्त कापतात पण वजन जरी चार कोपऱ्यांच्या खांबांवर येत असलं तरी बाजूचा पन्हाळी पत्राही डब्याला ताकद देतो, तो कापून भोवती चौकट वेल्ड केली नाही की डबा वाकायला लागतो. खालचं प्लायवूडही बघून घ्यावं, किडीसाठी त्यावर बऱ्याचदा औषध मारलेलं असतं, दारावरच्या धातूच्या पाटीवर तशी नोंद असते. त्यावर लहान मुलं रांगणार असतील तर ती पाटी कुणीतरी वाचायला नको का?

जागेचा हिशोब बघा. २० फुटी कंटेनर आतून जेमतेम १५० स्क्वेअर फूट, म्हणजे १४ चौरस मीटरही नाही. मदतकार्यात जगभर स्फिअरचे, म्हणजे मदतसंस्थांनी मिळून ठरवलेले किमान सोयींचे निकष धरतात, त्यात स्वयंपाक आणि न्हाणी सोडून माणशी कमीत कमी साडेतीन चौरस मीटर. म्हणजे चार माणसं कशीबशी, तीही आतून ऊन-थंडी अडवायला ग्लासवूल किंवा पफचा (फोमचा) थर लावायच्या आधी, कारण रुंदी आहे पावणेआठ फुटांच्या आसपास आणि दोन्ही बाजूंनी तीन-तीन इंच गेले की कॉट टाकल्यावर चालायला बोळ उरतो. बाहेरून इन्सुलेशन केलं तर जागा वाचते, पण मग ते पावसापासून सांभाळा.

अजून एक घोळ म्हणजे तुर्कीत ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर ज्या कंटेनर सिटी उभ्या राहिल्या त्यांचे फोटो बघून लोकांना वाटतं जहाजावरचेच डबे आणले. तिथले बहुतेक पॅनेलचे, राहण्यासाठीच बनवलेले २१ चौरस मीटरचे, आपण ज्याला पोर्टा केबिन म्हणतो तसे. नाव एक, वस्तू दोन.

खरे २० फुटी कंटेनर वापरून चांगलं काम झालंय ते जपानमध्ये ओनागावाला, २०११ च्या त्सुनामीनंतर. सपाट जमीन उरली नव्हती म्हणून आर्किटेक्ट शिगेरू बान यांनी बेसबॉलच्या मैदानावर दोन-तीन मजली इमारती रचल्या, १८९ कुटुंबांसाठी. बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी, एक डबा मग एक मोकळी जागा, त्या मोकळ्या जागेत काच लावून उजेडाची खोली. सामानाला कपाटंसुद्धा आधीच बसवली होती. मला हे कपाटांचं फार आवडलं, कारण आमच्याकडे चौघांचं सामान सात महिने कॉटखालीच होतं.

पण तात्पुरतं म्हणजे किती दिवस? आर्मेनियात डिसेंबर १९८८ मध्ये भूकंप झाला, ग्युमरी शहरात लोकांना लोखंडी डबे, वॅगन अशा ठिकाणी ठेवलं, त्यांना तिकडे दोमिक म्हणतात. ३० वर्षांनंतरही काही कुटुंबं त्यातच होती. डबा लोखंडाचा, लवकर मोडत नाही, आणि तो मोडत नाही म्हणून वरच्यांना घाई नसते, तंबू असता तर निदान फाटला म्हणून तरी कुणी आलं असतं.

त्यामुळे उद्या कुणी इतके हजार कंटेनर दिले असं जाहीर केलं तर नुसता आकडा छापू नका. सांडपाणी कुठे जाणार, छतावर सावलीसाठी दुसरा पत्रा आहे का, आतून कडी लागते का आणि पक्कं घर कुठल्या तारखेला मिळणार हे विचारा. फोटोही क्रेनने डबा उतरवतानाचा नको, भर उन्हाळ्यात दुपारी दोनला आत जाऊन काढा.

आपला,
एक जुना वाचक